सूर्याचा शेवट आणि आपलें आजचें काम

आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांतून आतां पुष्कळ मुलें हायस्कुलांत व कॉलेजांत शिकूं लागलीं आहेत, आणि सुटींत घरीं आलीं म्हणजे तीं आईबापांस व उपदेशकांस असे प्रश्न विचारितात कीं, ज्यांचें उत्तर पूर्वीं कोणास द्यावें लागत नसे. त्यांपैकीं एक प्रश्न असा : सूर्य एके दिवशीं विझणार, समुद्र आटणार, मनुष्याचा मागमूसही उरणार नाहीं, मग विहीर खणणें, शाळा बांधणें, लेंकरांस वळण लावणें ह्यांत अर्थ तो काय राहिला? प्रश्न थट्टेनें विचारलेला असो किंवा मनापासून, त्याला 'देवाला ठाऊक' एवढ्या शब्दांनीं वाटेस लावणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. तो विचारणाऱ्या मुलास कदाचित् रात्रीं नीट झोंप आली नसेल.

प्रथम हें पाहूं कीं, प्रश्नांत सांगितलेली गोष्ट खरी आहे काय. ती खरी आहे. सूर्य हा पृथ्वीपासून सुमारें १५ कोटि किलोमीटर दूर असलेला तप्त वायूचा गोळा असून त्याचें वजन पृथ्वीच्या वजनाच्या सुमारें ३ लक्ष ३३ हजार पट आहे. त्याचा बहुतेक भाग हायड्रोजन वायूचा. अगदीं गाभ्यांत, जेथें उष्णता दीड कोटि अंशांपर्यंत चढलेली आहे, तेथें ह्या वायूचे कण भयंकर दाबाखालीं एकमेकांत मिळून जातात व त्यांचा हेलियम नांवाचा दुसरा वायु बनतो. चुलींतील लांकूड जळतें त्याच्याशीं ह्या जळण्याचें साम्य नांवापुरतेंच समजावें. दर सेकंदास सुमारें ६० कोटि टन हायड्रोजन असा खर्चीं पडतो, आणि त्यांतील ४० लक्ष टनांहून थोडें अधिक द्रव्य द्रव्यरूपानें नाहींसें होऊन त्याचाच प्रकाश व ऊब होते. तो प्रकाश सूर्याच्या पृष्ठभागावरून निघून ८ मिनिटें २० सेकंदांत आपल्या अंगणांत पोहोंचतो. शेतांतील ज्वारी, बैलाच्या खांद्यांतील बळ, चुलींतील काटकी, हें सारें त्या खर्चांतून आलेलें आहे. सूर्यानें आपलें धन राखून ठेविलें असतें तर तो दीर्घकाळ टिकला असता खरा, पण त्याच्या उजेडांत पाहावयास कोणी जन्मास आलें नसतें.

हें ज्ञान मनुष्यास एकदम प्राप्त झालें नाहीं, आणि त्याची हकीगत मुलांस सांगण्यासारखी आहे. ता. १८ आगस्ट १८६८ रोजीं हिंदुस्थानांतून खग्रास सूर्यग्रहण दिसलें. तें पाहण्यासाठीं गुंटूर येथें फ्रान्सचे जान्सेन आणि पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानांत लेफ्टनंट जॉन हर्शेल हे यंत्रें मांडून बसले होते. सूर्याच्या कडेवर दिसणाऱ्या ज्वाळांचा प्रकाश यंत्रांतून फांकवून पाहिला, तेव्हां त्या तप्त वायूच्या आहेत असें ठरलें. त्याच प्रकारच्या प्रकाशांतील एका पिवळ्या रेघेवरून इंग्लंडांतील लॉकियर ह्यांनीं असें अनुमान केलें कीं, पृथ्वीवर कोणास न सांपडलेला एक पदार्थ सूर्यांत असावा. सूर्याच्या ग्रीक नांवावरून त्यास हेलियम म्हणूं लागले. पृथ्वीवर तो वायु १८९५ सालीं रॅम्से ह्यांच्या हातीं लागला. ही सूर्याच्या चुलींतील राख आहे, हें मात्र तेव्हां कोणाच्या ध्यानांत आलें नव्हतें.

त्याच्या कांहीं वर्षें अगोदर, १८६२ सालीं, विल्यम टॉम्सन ह्यांनीं (पुढें हेच लॉर्ड केल्विन झाले) सूर्याच्या वयाचा हिशेब मांडला होता. सूर्य स्वतःच्या भारानें आंत दबतो आणि त्या दबण्यानें तापतो असें धरून त्यांनीं काढलें कीं, तो १० कोटि वर्षांहून अधिक काळ पृथ्वीस प्रकाश देत आला नसावा, आणि पुढेंही त्याचा सांठा फार दिवस पुरावयाचा नाहीं. आपणांस ठाऊक नसलेला दुसरा एखादा सांठा निघाला तर गोष्ट वेगळी. ह्या शेवटच्या पुस्तीबद्दल आम्हांस त्या गृहस्थांविषयीं फार आदर वाटतो. कारण सांठा निघाला. १९२० सालीं एडिंग्टन ह्यांनीं कार्डिफ येथील भाषणांत सुचविलें कीं, हायड्रोजनाचा हेलियम होण्यांत सूर्याच्या शक्तीचें मूळ असावें. १९२५ सालीं सिसिलिया पेन नांवाच्या तरुण बाईंनीं दाखविलें कीं, तारे मुख्यत्वें हायड्रोजनाचेच बनलेले आहेत. वडील विद्वानांस तें प्रथम पटलें नाहीं, पण बाईंचेंच म्हणणें खरें निघालें. १९३९ सालीं हान्स बेथे ह्यांनीं त्या क्रियेची सविस्तर मांडणी केली, व तिजबद्दल त्यांस १९६७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

आतां पुढची गोष्ट. सूर्याचें वय सुमारें ४६० कोटि वर्षें आहे, आणि गाभ्यांतील हायड्रोजन आणखी सुमारें ५०० कोटि वर्षें पुरेल. परंतु तोंवर तो आजच्यासारखाच राहील असें नाहीं. दर १०० कोटि वर्षांस त्याचें तेज सुमारें दहावा हिस्सा वाढत जातें, म्हणून सुमारें १०० कोटि वर्षांनीं पृथ्वीवरील समुद्र आटूं लागतील असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. गाभ्यांतील हायड्रोजन संपल्यावर सूर्य फुगून प्रचंड व तांबडा होईल. बुध व शुक्र हे ग्रह त्याच्या पोटांत जातील. पृथ्वीही बहुधा त्याच वाटेनें जाईल असें २००८ सालच्या एका गणितावरून दिसतें, आणि तो प्रसंग त्या गणिताप्रमाणें सुमारें ७६० कोटि वर्षांनंतरचा आहे. शेवटीं बाहेरचे थर उडून जाऊन सुमारें पृथ्वीएवढ्या आकाराचा एक पांढरा निखारा मागें राहील, आणि तो हळूहळू निवत जाईल. सारांश, मुलाच्या बोलण्यांत दुरुस्ती एवढीच कीं, विझणें मागून येणार, भाजणें अगोदर.

आपले शेजारी ह्यावर म्हणतील कीं, आमच्या पुराणांत ४३२ कोटि वर्षांचा कल्प सांगितलाच आहे, आणि तो सूर्याच्या वयाशीं जवळ जवळ जुळतो. त्यांच्याशीं वाद घालूं नये. तो आंकडा युगांच्या गुणाकारानें आलेला आहे, सूर्याच्या मापणीनें आलेला नाहीं, इतकें सौम्यपणें सांगितलें म्हणजे पुरे. आपलेंही घर कांचेचेंच आहे : आर्चबिशप अशर ह्यांनीं १६५० सालीं काढलेलें सृष्टीच्या उत्पत्तीचें वर्ष, ख्रिस्तपूर्व ४००४, इंग्रजी पवित्र शास्त्राच्या समासांत दीर्घकाळ छापलें जात होतें, आणि तें पाहून पुष्कळ भाविक लोकांस तो आंकडाही प्रेरित वचनच आहे असें वाटे.

एवढा काळ मनांत आणावा तरी कसा? उपदेशकांनीं मुलांसमोर एक साधा हिशेब करून दाखवावा. एक वर्ष म्हणजे ज्वारीचा एक दाणा धरा. हजार दाणे सुमारें ३० ग्रॅम भरतात. प्रभु येशूच्या जन्मापासून आजपर्यंत जीं वर्षें गेलीं त्यांचे दाणे एका मुठींत राहतील. आपल्यासारखीं माणसें पृथ्वीवर येऊन सुमारें ३ लक्ष वर्षें झालीं. ते दाणे नऊ किलो, एका पिशवींत मावणारे. समुद्र आटूं लागेपर्यंतचे दाणे मोजले तर त्यांचीं क्विंटलाचीं ३०० पोतीं होतील, आणि गाभ्यांतील हायड्रोजन संपेपर्यंतचीं १५००. ज्याच्या घरांत पोतीं आढ्यापर्यंत लागलीं आहेत त्यानें दुष्काळाच्या भीतीनें आज जेवण सोडावें, असें हें आहे.

पण हुशार मुलगा एवढ्यानें गप्प बसणार नाहीं, व त्यानें बसूंही नये. तो म्हणेल, "पोतीं पुष्कळ असलीं तरी संपणारच ना?" खरा प्रश्न येथें सुरू होतो.

हा प्रश्न थोरामोठ्यांस पडलेला आहे. चार्लस डार्विन ह्यांनीं आपल्या आत्मचरित्रांत लिहून ठेविलें आहे कीं, इतक्या दीर्घ व मंद प्रगतीनंतर सर्व सजीवांचा समूळ नाश व्हावा हा विचार असह्य आहे. आणि आत्मा अमर आहे असें मानणाऱ्यांस तो तितका भयंकर वाटणार नाहीं, असेंही त्यांनीं नमूद केलें. बर्ट्रंड रसेल ह्यांनीं १९०३ सालच्या एका निबंधांत म्हटलें कीं, सूर्यमाला मेली म्हणजे मनुष्यानें मिळविलेलें सर्व तिच्याबरोबर जाणार, हें आधीं कबूल करून मगच मनुष्यानें आपल्या जीविताचा पाया घालावा. हेच रसेल ६ मार्च १९२७ रोजीं लंडनांतील बॅटरसी येथें, आपण ख्रिस्ती कां नाहीं ह्या विषयावर व्याख्यान देत असतां, निराळेंच बोलले : कोट्यवधि वर्षांनीं होणाऱ्या गोष्टीबद्दल कोणी खरोखर कष्टी होत नसतो, जो तसें म्हणतो त्याचें बहुधा पोट बिघडलेलें असतें. पोटाची गोष्ट त्यांनीं मार्मिक सांगितली, ह्यांत शंका नाहीं. तथापि प्रश्न विचारणाऱ्याच्या पोटांत दुखत होतें असें ठरल्यानें प्रश्नाचें उत्तर मिळत नाहीं.

डार्विन ह्यांनीं आपल्या सारख्यांविषयीं जें लिहिलें त्याचा आधार घेऊन आपल्यांतील कित्येक म्हणतील कीं, आम्हांस सार्वकालिक जीवन आहे, पृथ्वीचें वाटेल तें होवो. हें बोलणें आम्हांस आवडत नाहीं. आपली आशा सूर्यावर टांगलेली नाहीं, ही गोष्ट खरी. स्तोत्रकर्त्यानें तर आकाशास जुन्या होणाऱ्या वस्त्राची उपमा देऊन ठेविली आहे. परंतु शेजाऱ्याची भूक पृथ्वीवरच लागते, आणि ती भागविण्याचें काम पृथ्वीबरोबर संपणारें असेल तर त्या कामाची किंमत काय, हा प्रश्न विश्वासणाऱ्यासही सुटत नाहीं. तसेंच, शास्त्रज्ञांनीं सूर्याचा अंत सांगितला म्हणून भाकितें सिद्ध झालीं असा उपदेश कोणी व्यासपीठावरून करूं नये. केल्विनचा आंकडा बदलला. आजचेही थोडेफार बदलतील. आंकड्यावर वचनाची भिंत चढविली तर ती आंकड्याबरोबर कोसळते.

कोणी दुसरी वाट सुचवितात : मनुष्य तोंवर दुसऱ्या ताऱ्याकडे जाऊन वस्ती करील. करोही. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा आपणांपासून प्रकाशास सवाचार वर्षें लागतील इतका दूर आहे. १९७७ सालीं सोडलेलें व्हॉयेजर हें यान आपल्या वेगानें तेवढें अंतर कापूं लागलें तर त्यास ७० हजार वर्षांहून अधिक लागतील. मात्र तो तारा लहान व मंद असल्यामुळें काटकसरीनें जळतो आणि लक्षावधि कोटि वर्षें टिकेल. बरें, मनुष्य तेथें गेला. मग तोही तारा संपेल, आणि त्या गांवचा मुलगा तेथील उपदेशकास हाच प्रश्न विचारील. ह्यावरून दिसून येतें कीं, प्रश्न सूर्याचा नाहींच. जें संपतें त्यास किंमत असते काय, हा तो प्रश्न आहे, आणि तो एका दिवसाच्या कामाविषयींही तितक्याच जोरानें विचारतां येतो.

आतां आमचें मत सांगतों. एखादी आई तापानें फणफणलेल्या लेंकराच्या उशाशीं रात्रभर जागते, पाण्याच्या घड्या बदलते, आणि पहांटे ताप उतरतो. तें लेंकरूं मोठें होईल, म्हातारें होईल, मरेल. त्या रात्रीची आठवण कोणास राहणार नाहीं. म्हणून ती रात्र फुकट गेली काय? तिचें जें मोल होतें तें त्याच रात्रीं पूर्ण होतें. पुढें ५०० कोटि वर्षें कोणी तिचें स्मरण केलें असतें तरी त्यांत एका गुंजेची भर पडली नसती. हें ज्यास पटत नाहीं त्यानें उलट बाजूनें पाहावें. ज्या मनुष्यास त्याच्या जातीमुळें पाणवठ्यावरून हांकून लाविलें, त्याच्याजवळ जाऊन सांगून पाहावें कीं, "बाबा, सूर्य मरणार आहे, ह्या अपमानाची नोंद कोठेंही राहणार नाहीं, तेव्हां तुझें कांहीं गेलें नाहीं." असें बोलण्याचें धैर्य कोणासही होणार नाहीं, व होऊं नये. अन्याय हा काळानें पुसला जात नसेल, तर त्याच्या निवारणाचीही किंमत काळानें पुसली जात नाहीं. रसेल ह्यांच्या त्या व्याख्यानानंतर चौदाच दिवसांनीं, २० मार्च १९२७ रोजीं, महाड येथें डॉ. आंबेडकर व त्यांच्याबरोबरचे हजारों लोक चवदार तळ्याचें पाणी प्याले. तें ओंजळभर पाणी सूर्याच्या आयुष्यानें मोजूं गेल्यास माप करणाराच हास्यास्पद होतो.

इतकें म्हटल्यावरही एक अडचण उरते, आणि ती लपविणें बरें नव्हे. आपलीं सर्वच कामें त्या आईच्या रात्रीसारखीं जागच्या जागीं पुरीं होत नाहींत. आंबा लावणारा पुष्कळदां नातवंडांसाठीं लावितो. शाळेचा पाया घालणारा पुढल्या पिढ्यांकडे पाहून घालितो. न्यूयॉर्क येथील तत्त्वज्ञ सॅम्युएल शेफ्लर ह्यांनीं २०१३ सालच्या आपल्या पुस्तकांत अशी कल्पना करावयास सांगितलें आहे : तुम्ही पूर्ण आयुष्य भोगून मराल, पण तुमच्या मृत्यूनंतर तीस दिवसांनीं पृथ्वीचा नाश होणार आहे, हें तुम्हांस आजच कळलें, तर तुमचें कामांत मन लागेल काय? बहुतेकांचें लागणार नाहीं, असें त्यांचें म्हणणें, आणि आम्हांसही तसेंच वाटतें. आपण समजतों त्याहून पुष्कळ अधिक प्रमाणांत आपण न जन्मलेल्यांच्या भरंवशावर जगत असतों. म्हणून ज्यांस पुढें कोणी नाहीं अशी शेवटची पिढी केव्हां तरी येणार, हा विचार खरोखर दुःखाचा आहे. ज्या मुलानें प्रश्न विचारला त्याचें हें दुःख खोटें नव्हे, हें त्यास स्पष्ट सांगावें.

त्या शेवटच्या पिढीजवळ आंबा लावण्याचें कारण उरणार नाहीं. आजारी माणसाच्या उशाशीं बसण्याचें कारण मात्र उरेल. तीं माणसें असतीलच असें नाहीं. १०० कोटि वर्षांत आपली जाति आजच्या रूपानें टिकेल असें कोणी जीवशास्त्रज्ञ म्हणत नाहीं. तरी जे कोणी असतील, त्यांच्यापर्यंत आपल्या विहिरी व शाळा पोहोंचणार नाहींत, आणि पोहोंचलेच तर कांहीं वळण, कांहीं रीत, इतकेंच हाताहातांतून पोहोंचेल. तेंही पोहोंचेल असें आम्ही छातीठोकपणें सांगत नाहीं.

आम्हांस खरी भीति वाटते ती निराळ्याच गोष्टीची. दूरच्या अंताविषयीं सुस्कारे टाकणारा मनुष्य जवळच्या अंताविषयीं पुष्कळदां अगदीं स्वस्थ असतो. हिज्कीया राजानें बाबेलच्या वकिलांस आपलें सारें भांडार दाखविलें, तेव्हां यशयानें त्यास सांगितलें कीं, हें सर्व एके दिवशीं बाबेलास जाईल आणि तुझ्या वंशांतील मुलगेही नेले जातील. राजानें तें ऐकून बरें म्हटलें, कारण त्याच्या स्वतःच्या दिवसांत शांति राहणार होती. हा राजा पुष्कळ बाबतींत भला होता. म्हणूनच ही गोष्ट वाचतांना अंगावर कांटा येतो. आपल्या गांवांत ज्या वेगानें बोअर खोल खोल जात आहेत, ज्या वेगानें डोंगरावरचीं झाडें उतरत आहेत, त्याचा परिणाम भोगणारीं नातवंडें आज पाळण्यांत आहेत. १९५८ सालीं हवेच्या दर दहा लक्ष भागांत कर्बद्विप्राणिल वायूचे सुमारें ३१५ भाग होते. आतां ते ४२० च्या वर गेले आहेत. ह्यांत सूर्याचा कांहीं दोष नाहीं. आपल्या ज्वारीच्या हिशेबानें हें सारें सत्तर दाण्यांच्या आंतलें आहे, आणि आपण ३०० पोत्यांपलीकडचें भय उराशीं धरून बसलों आहों.

यिर्मयाचें वर्तन ह्याच्या अगदीं उलट होतें. खास्द्यांच्या सैन्यानें यरुशलेमेस वेढा दिलेला, नगर पडणार हें त्यानेंच लोकांस सांगितलेलें, आणि स्वतः तो पहाऱ्याच्या चौकांत कोंडलेला. अशा वेळीं त्याचा चुलतभाऊ अनाथोथ येथील शेत विकण्यास त्याजकडे आला. त्यास देवाचें वचन होतें कीं, त्या देशांत घरें व शेतें पुन्हा विकत घेतलीं जातील. पृथ्वीच्या शेवटाविषयीं तसें वचन आपणांजवळ नाहीं, म्हणून ही उपमा फार ताणूं नये. पण त्या दिवशीं त्यानें काय केलें तें पाहा. त्यानें १७ शेकेल रुपें तराजूंत तोलून दिलें, खरेदीखतावर सही केली, साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, आणि तें खत पुष्कळ दिवस टिकावें म्हणून मातीच्या मडक्यांत घालून ठेवावयास बारूखास सांगितलें. पुढें लोकांनीं त्यास आपणांबरोबर मिसर देशास नेलें. त्या शेतांत त्यानें कधीं पेरणी केल्याचें शास्त्रांत कोठें लिहिलेलें नाहीं.